सोंग वठलं पाहिजे

आमच्या गॅरेजमध्ये एक तपकिरी धूड पडलेलं आहे. जड, बेढब, काचेचं तोंड पुढे आलेलं, आणि डोक्यावर जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा. नवरा दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गॅरेज आवरायला घेतो आणि दर वेळी विचारतो, "हे आता कौन्सिलच्या टिपवर, कचऱ्यात टाकून येऊ का?" मी दर वेळी सांगते, "आधी मला टाकून ये, मग ते टाक." मग तो बिचारा त्याच्यावरची धूळ झटकतो, लॉनमोअर बाहेर काढतो आणि गप्प गवत कापायला जातो. डॉक्टर माणूस आहे. कुठल्या दुखण्याला हात लावायचा नाही, हे त्याला एवढ्या वर्षांत कळलेलं आहे.

ते धूड म्हणजे कॉम्प्युटरचं जुनं टर्मिनल. त्याला स्वतःची अक्कल काही नाही. अक्कल सगळी कुठेतरी तळघरात बसलेल्या मोठ्या मशीनला. मशीन पाठवेल ते हिरव्या अक्षरांत दाखवायचं आणि आपण टाइप करू ते मशीनला पोचवायचं, एवढंच याचं काम. ते माझं नाही, बाईंचं आहे. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण 'बाईंचं होतं' असं म्हणायला माझी जीभ काही रेटत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी लग्न करून चिंचवडहून बर्मिंगहॅमला आले होते. नवरा हॉस्पिटलात, म्हणजे घरात बहुतेक नाहीच. शेजारीपाजारी चांगले, पण 'हॅलो लव्ह' म्हणून दार लावून घेणारे. बोलायला माणूस नाही म्हणून मी एकदा किटलीशी बोलताना सापडले. तेव्हा नवरा म्हणाला, बाई गं, तू नोकरी बघ. एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मिळालीही. आमचा मॅनेजर ग्विन हा कार्डिफचा वेल्शमन. साधं 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी गाणं म्हणतोय असं वाटायचं. पहिल्या दिवशी त्याने मला एका कोपऱ्यात नेऊन सोडलं आणि पळाला.

कोपऱ्यात एक बाई बसलेली. साडी, साडीवर टोपीवालं जाकीट म्हणजे अनोरॅक, पायात पांढरे ट्रेनर्स. पन्नाशी कधीच ओलांडलेली. वर न बघताच तिने विचारलं, "मराठी?"

"हो."

"पुण्याची?"

"चिंचवडची."

"मग पुण्याची नव्हे. बरं झालं. बस."

मला तर आनंदाने भरून आलं होतं. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही इथे कधीपासून..."

"मावशी नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईची बहीण असते तर तुला आधीच वळण लागलं असतं. बाकीचे मला नावाने हाक मारतात, पण ते तुझ्या तोंडून मला ऐकवणार नाही. बाई म्हण."

तेव्हापासून बाई.

"आणि आपलं काम काय असतं, बाई?"

"सोंग," बाई म्हणाल्या, आणि डब्यातलं लसणीच्या चटणीचं सँडविच अर्धं मोडून माझ्या हातात दिलं.

त्याचं असं होतं. हॉस्पिटलांमध्ये पेशंटची नोंद ठेवायला असली तपकिरी टर्मिनलं जागोजाग होती. ती आता म्हातारी झाली होती, सुटे भाग मिळेनात. टेबलांवर नवे पीसी येत होते. पण तळघरातलं मोठं मशीन हट्टी, ते आपल्या जुन्या टर्मिनलशिवाय कोणाशी बोलायला तयार नाही. म्हणून ग्विनने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो पीसीवर चालवला की पीसी हुबेहूब जुन्या टर्मिनलसारखा वागायचा आणि मशीन बिचारं फसायचं. अशा प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. बाई त्याला सोंग म्हणायच्या, आणि ते सोंग वठतंय की नाही हे तपासायचं काम आमच्या दोघींचं.

तपासायचं कसं? बाई आधी खऱ्या टर्मिनलवर एकेक गोष्ट करून बघायच्या. हे बटण दाबलं की काय होतं, ते दाबलं की काय होतं. पडद्यावर दिसेल ते हाताने उतरवून घ्यायच्या. मग पर्ल नावाच्या भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहायची. ती स्क्रिप्ट आपणहून सोंगाला तीच बटणं दाबून दाखवायची, आलेलं उत्तर बाईंच्या उत्तराशी ताडून बघायची, आणि जुळलं तर 'ओके', नाही तर 'नॉट ओके' असं छापायची. पर्ल बाईंची लाडकी, पण दिसायला महाभयंकर. नुसते डॉलर, कंस आणि तिरक्या रेघा. "मोडीसारखी आहे," त्या म्हणायच्या. "लिहिणाऱ्याला वाटतं काय झरझर लिहिलं, आणि महिन्याने त्यालाच वाचायला पंडित आणावा लागतो."

मी पहिली टेस्ट लिहिली त्या दिवसाची गोष्ट सांगते. मला हाताने उतरवत बसायचा कंटाळा. म्हटलं स्क्रिप्टलाच सांगू, बाई गं तूच पडदा वाच आणि तूच ताडून बघ. झटक्यात झालं काम. ओके, ओके, ओके, खाली ओळीने ओके. मी मिरवत बाईंना बोलावून आणलं.

बाईंनी बघितलं. ग्विनच्या प्रोग्रॅममधली एक ओळ त्यांनी मुद्दाम बिघडवली, ए दाबलं की झेड उमटेल अशी. "चालव आता."

चालवली. ओके, ओके, ओके.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. झालं होतं असं की माझी स्क्रिप्ट सोंगाचाच पडदा खरा धरून पुन्हा त्याच पडद्याशी ताडून बघत होती. स्वतःचा पेपर स्वतः तपासण्याचाच प्रकार.

"ही टेस्ट नाही," बाई म्हणाल्या. "ही आरती आहे. देव जागा असो नाही तर झोपलेला असो, टाळ्या वाजतातच. जी कधी नापास होत नाही ना पोरी, ती टेस्ट नव्हे. टेस्ट लिहिली की आधी मुद्दाम एक खोटी गोष्ट तिच्यापुढे टाकायची आणि बघायचं, ओरडते का. ओरडली तर भरवसा ठेवायचा."

हा त्यांचा पहिला नियम. ग्विन त्याला घाबरून असायचा, कारण बाई कधी त्याच्या प्रोग्रॅममध्ये काय बिघडवून ठेवतील याचा नेम नसायचा. आणि त्या तो नियम फक्त ऑफिसात पाळायच्या असं नाही. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला मुद्दाम चुकीच्या स्टॉपचं नाव सांगायच्या. त्याने "ही बस तिथे जात नाही, लव्ह" असं म्हटलं की खूश होऊन वर चढायच्या. "याला रस्ता माहीत आहे," म्हणायच्या. मंडळाच्या गणपतीला चर्च हॉलमध्ये कोणी मोदक आणले की "खोबरं सुकं घातलंस ना?" असं ओल्या खोबऱ्याच्याच मोदकाबद्दल विचारायच्या. करणारीने 'हो' म्हटलं की संपलं, तिच्या हातचं पुन्हा खाणं नाही. बायका वैतागायच्या. मी मात्र लाळघोटी, त्यांच्या मागेमागे.

हे सोंगाचं वेड त्यांना कुठून लागलं, तेही त्यांनी मला सांगितलं होतं. बाई मिरजेच्या. लहानपणी त्यांच्या दारात एकदा फौजदार आला. टोपी, पट्टा, मिशी, काठी, सगळं. वडिलांवर जोरात खेकसला. वडील घाबरून घराची कागदपत्रं आणायला आत पळाले. बाई तेव्हा एवढ्याशा, उंबऱ्यावर बसलेल्या. त्यांनी खाली बघितलं तर फौजदाराच्या पायात फाटकी वहाण. "तुम्ही फौजदार नाहीच," त्या म्हणाल्या. त्यावर तो माणूस खो खो हसला आणि लवून मुजरा केला. बहुरूपी होता.

"मग वडील चिडले असतील?" मी विचारलं होतं.

"चिडतील कशाला? आत गेले आणि सूपभर शिधा घेऊन आले. सोंग ओळखू आलं म्हणून माणसाला रिकामं पाठवायचं नसतं गं. त्याने मेहनत केलेली असते, आपल्यासाठी."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, बाई त्या टर्मिनलची पूजा करायच्या. सगळे आपापल्या हत्याराची करतात तशी. शेजारच्या अॅलॉटमेंटवरची, म्हणजे भाड्याच्या वाफ्यांमधली झेंडूची फुलं, हळदकुंकू, आणि वर त्यांच्या आईच्या लुगड्याचा तो इरकली तुकडा. पहिल्या वर्षी मी नव्या पीसीलाही कुंकवाचं बोट लावायला गेले तर हात धरला. "त्याला नको. तो अजून उमेदवारीवर आहे." ग्विन पेढा खाऊन कपाळावर कुंकू मिरवत दिवसभर मीटिंगा करायचा. त्याला कोणी विचारलं की सांगायचा, आमच्या हार्डवेअरचा बर्थडे आहे.

आता मुख्य गोष्ट.

बाईंना मिरजेला परत जायचं होतं. नवरा डॉक्टर होता, त्याच्याबरोबर त्या तरुणपणी इथे आल्या. तो लवकर गेला. मूलबाळ नाही. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स ऑफिसात ह्याच टर्मिनलपुढे बसून त्यांनी वर्षानुवर्षं टायपिंग केलं, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि इथे आल्या. मिरजेला त्यांची धाकटी बहीण होती, कुसुम. तिचाही नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब. म्हातारपण दोघींनी एकत्र काढायचं असं कधीचं ठरलेलं. कुसुममावशींनी एक खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. आणि बाईंचं पालुपद एकच: "एवढं सोंग वठलं, सगळ्या टेस्ट ओके आल्या, की मी चालले."

ते ऐकलं की मी मनात म्हणायचे, ह्या गेल्या तर मी पुन्हा किटलीशी बोलणार. पण गंमत अशी की सगळ्या टेस्ट ओके यायला लागल्या, की बाई नवी टेस्ट लिहायच्या.

एक तर अजून डोळ्यांसमोर आहे. त्या टर्मिनलला एक खोड होती. लिहीत लिहीत ओळ उजव्या काठाला पोचली, शेवटच्या घरात अक्षर पडलं, की कर्सर, म्हणजे ती लुकलुकणारी खूण, खालच्या ओळीवर जायचीच नाही. काठावर थांबून राहायची. पुढचं अक्षर खरोखर आलं, तरच उडी मारायची. ग्विनचं सोंग मात्र उतावळं. शेवटचं घर भरलं की लगेच उडी. पडद्याच्या अगदी तळाच्या ओळीत असं झालं की सगळा पडदा एक ओळ वर सरकायचा आणि सर्वांत वरची ओळ गायब. आणि त्या ओळीत असायचं पेशंटचं नाव.

ग्विन म्हणाला, हा जुन्या मशीनचा वेडेपणा आहे, आपण सुधारून टाकू, हॉस्पिटलला सांगू फॉर्म बदला.

"सुधारायला आपल्याला ठेवलेलं नाही," बाई त्याला इंग्रजीत म्हणाल्या, आणि मग मराठीत माझ्याकडे वळून, "राजा घोरत असेल तर राजाच्या सोंगाने घोरलंच पाहिजे."

ग्विनने हात टेकले. ते दुरुस्त करायला त्याला बरेच दिवस लागले, आणि तेवढे दिवस बाई खऱ्या टर्मिनलपुढे बसून काठावर लुकलुकणाऱ्या त्या कर्सरकडे बघत असायच्या. मला म्हणाल्या, "बघ, कसा उभा आहे. जायचं आहे, कळतंय, पण पुढचं अक्षर येत नाही." मी तेव्हा मनात म्हटलं, बाई, हा कर्सर बघायला तुम्हाला टर्मिनल कशाला हवं, आरसा आहे की घरात. तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असायचे. नवरा ड्युटीवर असला की हमखास. स्वयंपाकघरातल्या फोनला स्पीकरचं बटण होतं, कारण मिरजेला फोन लावायची वेळ आणि पोळ्या लाटायची वेळ एकच. फोन लागला की बाईंचे प्रश्न सुरू. दर रविवारी तेच, त्याच क्रमाने.

"नळाला पाणी आलं का?"

"आलं की गं ताई, भरपूर."

"समोरच्या चिंचेला चिंचा धरल्या?"

"लगडलीय नुसती."

"सतारवाल्यांच्या ओट्यावर भोपळे वाळत घातलेत?"

"घातलेत ना. ओळीने."

"शिंप्याचा पोपट बोलतो का अजून?"

"बोलतो म्हणजे! येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतो."

मग बाईंचा चेहरा असा मोकळा व्हायचा, पोळी टम्म फुगायची आणि आम्ही जेवायला बसायचो. आमच्या ऑफिसात काहीही दुरुस्ती झाली की जुन्या सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या, आधीचं काही मोडलं नाही ना बघायला. बाई दर रविवारी मिरजेवर तेच करत होत्या.

आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही. एका रविवारी हसत हसत बोलून गेले, "बाई, तुम्ही इकडे आलात तेव्हाच तो पोपट म्हातारा होता म्हणालात ना? पोपट जगतात तरी किती? आणि तुमच्या ह्या प्रश्नांना कधी एकसुद्धा नॉट ओके येत नाही हो. टेस्ट आहे की आरती?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. ग्विनच्या प्रोग्रॅमकडे बघायच्या तसं. मग म्हणाल्या, "कोशिंबीर घे."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा पोळपाट मांडलेलाच होता. फोन लावला. पाणी आलं होतं, चिंचा धरल्या होत्या, भोपळे वाळत होते, पोपट हाका मारत होता. बाई लाटत होत्या. लाटता लाटता अगदी सहज म्हणाल्या, "आणि काय गं कुसुम, गल्लीच्या तोंडाशी तो पांढरा चाफा आहे ना, तो फुलतो का?"

पलीकडून लगेच उत्तर आलं. "हो गं ताई, तस्साच आहे. सकाळी नुसता सडा पडतो. आजच ओंजळभर देवाला वाहिला."

लाटणं थांबलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "जप तब्येतीला. ठेवते."

तव्यावरची पोळी करपत होती. मी गॅस बंद केला. बाई खुर्चीत बसल्या, पिठाचे हात तसेच मांडीवर.

"आमच्या गल्लीत चाफा नव्हता," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हता."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कशाला बोलले मी? मी काहीतरी पुटपुटले, त्यांना कमी ऐकू आलं असेल, लाइन खराब असेल.

"लाइन खणखणीत होती." मी करपलेली पोळी ताटलीत काढली. मग म्हणाल्या, "एकदा तिने मला खरं सांगितलं होतं. आमच्या मागच्या अंगणातली विहीर बुजवली, असं. मी येणार होते त्या हिवाळ्यात, तिकीट काढलेलं होतं. मी फोनवर रडले, आकांडतांडव केलं, तिकीट रद्द केलं. तिला म्हटलं, विहीरसुद्धा नाही, आता तिथे येऊन बघायचं तरी काय?"

त्यांनी फोनकडे बघितलं.

"तिला म्हटलं गं मी. बघायचं काय, असं कुसुमला विचारलं. ती तिथे उभी होती फोन धरून."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी ठेवू दिला नसता.

"तेव्हापासून ही एकटी सगळी मिरज वठवतेय माझ्यासाठी. झाड, पोपट, भोपळे. मी नवं काही विचारलं की तेही उभं करते, देवाला वाहून मोकळी होते. आणि मी इथे बसून काय तपासत होते? पोपट बोलतो का!" त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला गेल्या तर गालभर पीठ लागलं. मी ते पदराने पुसलं. मीही रडत होते, उगाच कशाला लपवू.

"आता हो?" मी विचारलं.

"आता काय? वहाण दिसली. सोंग ओळखलं की माणसाला दारात ताटकळत ठेवायचं नसतं." त्या उठल्या आणि सिंकपाशी हात धुवायला लागल्या. "शिधा घेऊन जायचं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी सगळ्या टेस्ट चालवल्या. सगळ्या ओके. ग्विन नेहमीसारखा पडेल चेहऱ्याने उभा, आता ही नवी कुठली काढते म्हणून. बाईंनी कीबोर्ड पुढे सरकवला आणि त्याला म्हणाल्या, "दॅट्स इट. डन." ग्विनला पटेना. त्याने दोनदा विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो बाहेर जाऊन सगळ्यांसाठी केक घेऊन आला, आणि केक कापताना गाता गळा असूनही त्याला नीट बोलता येईना. मला बाई हळूच म्हणाल्या, "पुढचं अक्षर आलं बघ."

जायच्या दिवशी मी कोच स्टेशनवर त्यांना सोडायला गेले. हीथ्रोचा कोच. साडी, अनोरॅक, पांढरे ट्रेनर्स. टर्मिनल माझ्या नावावर करून दिलं होतं, लुगड्याच्या तुकड्यासकट. "मिरजेला कशाला हवं आता ते," म्हणाल्या. कोचच्या ड्रायव्हरला त्यांनी विचारलं, "हा कोच एडिंबरोला जातो ना?" तो म्हणाला, नाही लव्ह, हीथ्रोला. तेव्हा चढल्या. खिडकीतून हात केला नाही. मीही केला नाही, कारण माझे दोन्ही हात तोंडावर होते.

मग रविवारी मी फोन लावायला लागले. पहिल्याच फोनवर त्यांनी निकाल वाचून दाखवला. चिंच नॉट ओके, तिथे एसटीडी बूथ येतोय म्हणे. सतारवाल्यांनी ओटा बांधून काढला, भोपळे नॉट ओके. पोपट तर शिंप्याच्याही आधी गेला. नळाला पाणी एक दिवसाआड.

"मग कसं वाटतंय, बाई?"

"कसं म्हणजे? कुसुमने भाकरी टाकलीय. ठेव, गार होईल."

पुढे त्यांनाही इकडची ओढ लागली. वर्षानुवर्षं राहिलेल्या, लागणारच. मग प्रश्न त्या विचारायच्या. ग्विनचं बिस्किट अजून चहात बुडतं का? हो बाई. कोपऱ्यातल्या खिडकीतून वारा येतो का? येतो बाई. आपल्या स्क्रिप्ट चालवतात ना? रोज, बाई. आणि तू बरी आहेस ना? मी मजेत, बाई.

खरं तर त्या गेल्या आणि वर्षभरात कंपनी बंद पडली. हॉस्पिटलांनी तळघरातली ती मोठी मशीनंच काढून टाकली. फसवायलाच कोणी उरलं नाही तर सोंग कोण विकत घेणार? ग्विन कार्डिफला परत गेला. ऑफिसच्या जागी गालिच्यांचं दुकान झालं. मी दुसरीकडे लागले, तिथे सगळे चांगले होते आणि माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. त्यात मध्ये मला दिवस गेले, पण मूल राहिलं नाही. पण हे बाईंना काय सांगायचं? आपली जन्माची मेहनत कोणी वापरत नाही हे त्यांनी त्या वयात कशाला ऐकायचं? आणि माझं रडगाणं तरी कशाला? म्हणून दर रविवारी ओके, ओके, ओके.

असाच एक रविवार. नवरा ड्युटीवर. मी फोन खांद्याला लावून भाजी परतत होते. बाईंनी बिस्किटाचं विचारलं, खिडकीचं विचारलं, स्क्रिप्टचं विचारलं. मग अगदी सहज म्हणाल्या, "आणि ऑफिसच्या मागचं ते कारंजं गं, चालू असतं का अजून?"

ऑफिसच्या मागे कारंजं नव्हतं. ऑफिसच्या मागे कचऱ्याचे बिन होते आणि ग्विनची सायकल. मला कळलं. त्या काय करतायत ते मला क्षणात कळलं, माझा हात कढईतच थांबला. खरं बोलावं असं जिभेच्या टोकाशी आलं, आणि तरी जीभ आपली सवयीने वळली.

"हो बाई," मी म्हटलं. "तस्संच आहे."

पलीकडे बाई जोरात हसल्या आणि त्यांनी आत हाक मारली, "अगं कुसुम, ऐकलंस का? तुझी शिष्या तयार झाली बघ!" मागून कुसुममावशींचं हसणं ऐकू आलं. मग फोन तोंडाजवळ आला आणि बाईंचा आवाज एकदम खाली उतरला.

"छान वठवलंस हो. आता वहाण दिसली, पोरी. आता खरं सांग, तू कशी आहेस?"

मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि सांगायला बसले.